प्रोटीन डीएनएला चिकटलं की जीन ऑन कसा होतो?

बीएस्सीच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय की पुस्तकात "ॲक्टिव्हेटर प्रोटीन डीएनएला बाइंड होतं आणि जीन ऑन होतो" एवढं एकच वाक्य असतं, पण नुसतं चिकटल्याने जीन ऑन कसा काय होतो, आणि प्रोटीन जीनपासून डीएनएची हजारो अक्षरं (ए, टी, जी, सी) लांब चिकटलेलं असलं तरी त्याचा परिणाम जीनपर्यंत पोचतो कसा. शेवटी असंही विचारलंय की सिकलसेलवर जी नवी जीन एडिटिंगची ट्रीटमेंट आलीये तिचा याच्याशी काही संबंध आहे का. संबंध आहे, अगदी थेट आहे, म्हणून मी सगळं उत्तर रक्ताच्या लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या जीनवरच देतो. माझं कामही याच जीन्सवर चालतं आणि जीन रेग्युलेशन समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

आधी एक गोष्ट नीट डोक्यात बसवा. चिकटणं हे एक काम आणि जीन चालू करणं हे वेगळं काम, आणि बऱ्याचदा एकाच प्रोटीनचे दोन वेगवेगळे भाग ही दोन कामं करतात. हे मी म्हणतोय म्हणून मानू नका, १९८५ मध्ये ब्रेंट आणि टाश्ने यांनी ते करूनच दाखवलं. त्यांनी बॅक्टेरियातल्या लेक्सए नावाच्या प्रोटीनचा डीएनएला चिकटणारा तुकडा घेतला आणि तो यीस्टच्या गॅल४ या ॲक्टिव्हेटरच्या चालू करणाऱ्या भागाला जोडला. मग यीस्टमध्ये एका जीनच्या आधी लेक्सएची जागा घातली, तर तो जीन चालू झाला. आता यीस्टमध्ये लेक्सए मुळात नसतंच, म्हणजे चिकटणारा भाग कुठूनही आणा, तो फक्त जागा ठरवतो, पुढचं काम दुसरा भाग करतो. आज क्रिस्पर या जीन एडिटिंगच्या पद्धतीतलं डीएनए कापणारं प्रोटीन कॅस९, त्याचं कापू न शकणारं रूप घेऊन त्याला ॲक्टिव्हेटरचा तुकडा जोडतात आणि हवा तो जीन चालू करतात, ते याच तत्त्वावर.

आता चिकटतं कसं ते बघू. त्यासाठी डीएनए उलगडावा लागतो असा गैरसमज फार लोकांचा असतो, तसं नाहीये. दोन धाग्यांच्या पिळात एक रुंद खाच असते आणि एक अरुंद, रुंद खाचेत ए-टी, जी-सी या जोड्यांच्या कडा बाहेरून जाणवतात, म्हणजे कुठे हायड्रोजन देणारा अणू, कुठे घेणारा, टी असेल तिथे एक मिथाइल गट. प्रोटीनचा एक छोटा हेलिक्स त्या खाचेत बसतो आणि त्याच्यावरची अमिनो आम्लं तो क्रम वाचतात. केएलएफ१ नावाचं प्रोटीन बघा, लाल पेशींमध्येच मुख्यतः असतं, त्याच्या टोकाला तीन झिंक फिंगर आहेत, म्हणजे झिंकच्या अणूभोवती घडी पडलेले तीन लहान तुकडे, आणि प्रत्येक फिंगर साधारण तीन अक्षरं वाचतं. तीन गुणिले तीन नऊ, आणि हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणाऱ्या बीटा ग्लोबिन जीनच्या सुरुवातीच्या नव्वदेक अक्षरं आधी नेमका नऊ अक्षरांचा क्रम आहे, सीसीएसीएसीसीसीटी. समोरच्या धाग्यावर जिथे जी येतो तिथे प्रोटीनचं आर्जिनिन दोन हायड्रोजन बॉंडने बसतं. एवढंच. पण त्यातलं एक अक्षर बदललं तर? भारतीयांमध्ये सापडणारा वजा ८८ जागेवरचा, म्हणजे जीनच्या सुरुवातीच्या ८८ अक्षरं आधीचा, सी जाऊन टी येण्याचा बदल याच क्रमात येतो, आणि त्याने बीटा थॅलेसेमियाचा सौम्य प्रकार होतो. जीनचं प्रोटीन बनवणारं एकही अक्षर बिघडलेलं नाही, हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनते ती अगदी नॉर्मल बनते, फक्त कमी बनते, कारण केएलएफ१ तिथे नीट टिकत नाही. आणि केएलएफ१च काढून टाकलं तर काय होतं हेही माहीत आहे, १९९५ मध्ये दोन ग्रुप्सनी उंदरात हा जीन बंद केला तेव्हा पिल्लं गर्भातच ॲनिमियाने मेली, बीटा ग्लोबिन बनत नव्हतं म्हणून.

पण क्रम वाचणं एवढ्यावर सगळं भागलं असतं तर फार सोपं झालं असतं. दुसरं प्रोटीन गाटा१ घ्या. त्याला जी-ए-टी-ए हा क्रम हवा, आधी ए किंवा टी, नंतर ए किंवा जी. आता हिशेब करा, असा क्रम नुसत्या योगायोगाने एका धाग्यावर १०२४ अक्षरांत एकदा येणार, दोन्ही धागे धरले तर साधारण ५०० अक्षरांत एकदा, आणि आपला जीनोम ३०० कोटी अक्षरांच्या वर, म्हणजे साठेक लाख जागा झाल्या! प्रत्यक्षात लाल पेशीत गाटा१ बसलेलं दिसतं ते हजारोंच्या घरातल्या जागांवर. बाकी लाखो जागा रिकाम्या का? एक कारण म्हणजे डीएनए उघडा पडलेला नसतोच. पेशीतला दोन मीटर डीएनए काही मायक्रॉनच्या केंद्रकात बसवलेला असतो, दर १४७ अक्षरं हिस्टोन प्रोटीनच्या एका गोळ्याभोवती गुंडाळलेली, त्याला न्यूक्लिओसोम म्हणतात, आणि गुंडाळलेल्या भागावर बहुतेक प्रोटीन्सना नीट बसता येत नाही. दुसरं कारण, एकटं प्रोटीन टिकत नाही. जिवंत पेशीत एकेका रेणूला चमक लावून बघितलं तर ही प्रोटीन्स डीएनएवर काही सेकंद टिकतात आणि सुटतात, पुन्हा दुसरं येतं. शेजारी आणखी दोन-तीन प्रोटीन्स असतील, एकमेकांना धरून, तर मुक्काम वाढतो. लाल पेशीत गाटा१च्या शेजारी बऱ्याचदा टाल१ असतं, एलएमओ२ असतं, एलडीबी१ असतं, म्हणजे एक गटच असतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, मोटिफ, म्हणजे प्रोटीनला हवा तो छोटा क्रम, सापडला म्हणून उड्या मारू नका, मोटिफ पैशाला पासरी आहेत, त्याच्या शेजारी कोण आहे ते बघा.

इथे लॅबमधली एक गोष्ट सांगतो कारण यात फार घोळ होतो. चिकटतंय का हे बघायची जुनी पद्धत म्हणजे जेल शिफ्ट, १९८१ पासूनची. तीसेक अक्षरांचा लेबल लावलेला डीएनए घ्यायचा, पेशीच्या केंद्रकाचा अर्क घालायचा, जेलवर थंडीत चालवायचा, मोकळा डीएनए खाली पळतो आणि प्रोटीन चिकटलेला वर अडकतो. मग एक अक्षर बदललेला डीएनए शेजारी लावायचा, पट्टा गेला तर कळलं की चिकटणं त्याच अक्षरावर अवलंबून होतं. सुंदर पद्धत आहे, पण ती ट्यूबमधल्या नागड्या डीएनएवर आहे, तिथे न्यूक्लिओसोम नाही काही नाही. पेशीच्या आत बघायचं तर चिप करावं लागतं, म्हणजे जिवंत पेशींवर १ टक्का फॉर्मल्डिहाइड दहा मिनिटं, त्याने प्रोटीन जिथे आहे तिथेच डीएनएशी जखडतं, ग्लायसिन घालून थांबवायचं, मग अल्ट्रासाउंडने डीएनएचे काही शे अक्षरांचे तुकडे करायचे, अँटिबॉडीने हवं ते प्रोटीन ओढून काढायचं आणि सोबत आलेले तुकडे वाचायचे. यात दिसतं की प्रोटीन तिथे होतं. फक्त होतं! त्याने जीन चालू केला असं त्यातून सिद्ध होत नाही, गाटा१ तर कितीतरी जागांवर बसून जीन बंदसुद्धा करतं, सोबत कोण आहे त्यावर. चिपच्या डेटात पीक, म्हणजे एका जागी तुकड्यांचा ढीग, दिसला की "हा जीन अमुक प्रोटीन चालू करतं" असं लिहून मोकळं व्हायची जी सवय लागलीये ती मला अजिबात पटत नाही, ती जागा बिघडवून बघा, जीन खाली आला तर बोला.

बरं, आता मुख्य मुद्दा, बसल्यावर होतं काय. जीन ऑन होणं म्हणजे त्याची आरएनए नक्कल बनू लागणं, पण हे प्रोटीन स्वतः आरएनए बनवत नाही. ऊसतोडीच्या मुकादमाच्या हातात कोयता नसतो, तो टोळी आणतो आणि फडात लावतो, तसं ॲक्टिव्हेटरचं आहे. त्याचा जो दुसरा भाग असतो ना, तो बहुतेक वेळा ढिला, ठरलेला आकार नसलेला असतो, आणि त्याला बाकीची प्रोटीन्स येऊन धरतात. पहिल्यांदा येतात ती न्यूक्लिओसोम सरकवणारी यंत्रं, पेशीचं इंधन एटीपी जाळून ती डीएनएवरचा गोळा ढकलतात. मग पी३०० आणि सीबीपी सारखी एन्झाइम्स, ती हिस्टोनच्या शेपटांवरच्या लायसिनला ॲसिटाइल गट लावतात, लायसिनचा धन भार जातो, आणि डीएनए ऋण भाराचा असल्यामुळे पकड ढिली पडते, शिवाय तो ॲसिटाइल गट ओळखणारी आणखी प्रोटीन्स तिथे येऊन बसतात. मग मेडिएटर नावाचा प्रचंड मोठा कॉम्प्लेक्स, पंचवीसच्या वर प्रोटीन्सचा, त्याची एक बाजू ॲक्टिव्हेटरला लागते आणि दुसरी आरएनए पॉलिमरेज २ला. पॉलिमरेज म्हणजे खरं आरएनए लिहिणारं मशीन, १२ प्रोटीन्सचं, त्याचं बारीक चित्र काढल्याबद्दल रॉजर कॉर्नबर्ग यांना २००६चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. प्रमोटरवर, म्हणजे जीनच्या सुरुवातीला जिथे हे मशीन बसतं त्या भागावर, टाटा नावाचा क्रम असेल तर टीबीपी नावाचं प्रोटीन तिथे बसून डीएनएला चांगलाच वाकवतं, बाकीचे घटक जमतात, त्यातलं टीएफ२एच दोन धागे उघडतं आणि पॉलिमरेजच्या शेपटीवर फॉस्फेट लावतं, मग पॉलिमरेज निघतं.

निघतं आणि बऱ्याचदा वीस ते साठ अक्षरांवर जाऊन थांबून राहतं. हे पुस्तकात येत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय. पुष्कळ जीन्समध्ये पॉलिमरेज येऊन उभं असतं पण पुढे जात नाही, सीडीके९ हे एन्झाइम असलेलं पी-टीईएफबी नावाचं कॉम्प्लेक्स येऊन त्याला सोडवतं, आणि त्याला तिथे आणण्यातही ॲक्टिव्हेटरचा हात असतो. म्हणजे "ऑन करणं" ही एक टिचकी नाहीये, उघडणं, जमवणं, सुरू करणं, सोडणं असे टप्पे आहेत आणि वेगवेगळी प्रोटीन्स वेगवेगळ्या टप्प्यावर जोर लावतात. आणि एका पेशीत बघितलं तर जीन नळासारखा सतत वाहत नाही, झटक्यात बरेच आरएनए बनतात, मग शांतता, मग पुन्हा झटका. ॲक्टिव्हेटर वाढलं की बऱ्याच जीन्समध्ये हे झटके जास्त वेळा येतात.

बॅक्टेरियात हे सगळं खूप सुटसुटीत असतं आणि बारावीला तेच शिकवतात, जेकब आणि मोनो यांचं १९६१चं लॅक ऑपेरॉन, म्हणजे लॅक्टोज वापरायला लागणाऱ्या जीन्सचा गट. तिथे रिप्रेसर, म्हणजे जीन अडवणारं प्रोटीन, बाजूला झाला की जीन चालतो असं डोक्यात बसतं, पण तिथेही सीएपी नावाचं ॲक्टिव्हेटर लागतंच, ते डीएनएला वाकवून शेजारच्या पॉलिमरेजला हात देतं, त्याशिवाय जीन कुंथत चालतो. आपल्या पेशीत मात्र डीएनए गुंडाळलेला असल्याने जीन मुळातच बंद असतो, अडथळा नुसता काढून भागत नाही, कोणीतरी येऊन तो उघडावाच लागतो.

आता लांबचा प्रश्न. १९८३ मध्ये एका डच रुग्णाचा अभ्यास झाला, थॅलेसेमिया होता, पण तपासलं तर त्याचा बीटा ग्लोबिन जीन अगदी धडधाकट! तोच जीन काढून दुसऱ्या पेशीत घातला तर चालायचाही. बिघाड होता तो जीनच्या आधीच्या भागात, डीएनएचा मोठा तुकडा गायब होता. पुढे १९८७ मध्ये ग्रोसवेल्ड यांच्या ग्रुपने दाखवलं की अकराव्या क्रोमोसोमवर बीटा जीनपासून सुमारे ५० हजार अक्षरं लांब एक कंट्रोल करणारा पट्टा आहे, एलसीआर, तो जोडला तर उंदरात माणसाचा बीटा जीन कुठेही घाला, लाल पेशीत जोरात चालतो. त्या पट्ट्यावर गाटा१, टाल१, केएलएफ१ यांच्या जागा गच्च भरलेल्या आहेत. आणि तो जीनपर्यंत पोचतो कसा तर मधला डीएनए वळसा घेतो आणि पट्टा प्रत्यक्ष प्रमोटरच्या जवळ येतो, एलडीबी१ दोन्हीकडे बसून एकमेकांना धरतं. वळशामुळे जीन चालू होतो की जीन चालू झाल्यामुळे वळसा पडतो, हा वाद बरीच वर्षं होता. २०१२ मध्ये ब्लोबेल यांच्या लॅबने गाटा१ नसलेल्या पेशी घेतल्या, त्यात वळसाही नव्हता आणि जीनही बंद होता, मग कृत्रिम झिंक फिंगरला एलडीबी१ जोडून ते बीटाच्या प्रमोटरवर बसवलं. वळसा पडला आणि जीन बऱ्यापैकी चालू झाला, गाटा१ नसताना! मला विचाराल तर या विषयातल्या सगळ्यात देखण्या प्रयोगांपैकी हा एक.

आता एकाच अक्षराची करामत बघा. डफी नावाचं प्रोटीन लाल पेशीच्या पृष्ठभागावर असतं आणि व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी त्याला धरून आत शिरतो. पश्चिम आफ्रिकेत जवळजवळ सगळ्या लोकांच्या लाल पेशींवर डफी नसतंच, म्हणून तिथे व्हायवॅक्स फार कमी. १९९५ मध्ये कारण सापडलं, जीनच्या प्रमोटरमधल्या जीएटीए क्रमात एकच अक्षर बदललंय, जीएटीएचं जीजीटीए झालंय, गाटा१ बसत नाही. पण त्याच माणसांच्या छोट्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात डफी व्यवस्थित असतं! कारण तिथे तो जीन गाटा१ चालवतच नाही, दुसरी प्रोटीन्स चालवतात. एकाच जीनला वेगवेगळ्या पेशीत वेगवेगळे लोक चालवतात, आणि त्यातल्या एकाची जागा मोडली तर फक्त त्याच पेशीतला जीन बंद पडतो. हे वाक्य लक्षात ठेवा कारण सिकलसेलची ट्रीटमेंट नेमकी यावर उभी आहे.

सिकलसेलमध्ये बीटा साखळीतलं एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन, म्हणून ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनच्या तारा बनतात आणि पेशी कोयत्यासारखी वाकते. आपल्याकडे विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरपासून मेळघाटापर्यंत, आणि तिकडे नंदुरबारकडे किती कुटुंबं यात भरडली जातात ते तिथे काम करणाऱ्यांना विचारा. पण बाळ जन्मतं तेव्हा त्याला त्रास नसतो, कारण गर्भात बीटाऐवजी गामा साखळी चालते, जन्मानंतर काही महिन्यांत गामा बंद पडते आणि बीटा वाढते. ज्यांच्यात गामा मोठेपणीही चालू राहते त्यांचा आजार सौम्य असतो. २००८ मध्ये ऑर्किन यांच्या लॅबने दाखवलं की गामाला बंद ठेवणारं मुख्य प्रोटीन बीसीएल११ए आहे, ते गामाच्या प्रमोटरवर टीजीएसीसीए या सहा अक्षरांवर बसतं हे पुढे २०१८ मध्ये स्पष्ट झालं. मग बीसीएल११एच काढून टाकावं? तसं करता येत नाही, बी पेशींना ते लागतं, मेंदूच्या पेशींना लागतं. पण बीसीएल११एचा जीन लाल पेशीत चालतो तो त्याच्या आतल्याच एका एन्हान्सरवर, म्हणजे एलसीआरसारख्या जीन चालवणाऱ्या डीएनएच्या पट्ट्यावर, आणि त्या एन्हान्सरवर कोण बसलंय? गाटा१.

मग रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल बाहेर काढतात, क्रिस्परने ती गाटा१ची एक जागा कापतात, जोडताना पेशी तिथली अक्षरं बिघडवते, बस. बीसीएल११ए लाल पेशीत घसरतं, गामावरचा दाब उठतो, गर्भातलं हिमोग्लोबिन परत येतं, आणि बी पेशीत काही बिघडत नाही कारण तिथे तो एन्हान्सर वापरातच नाही. सिकलसेलच्या बदललेल्या अक्षराला हातही लावत नाहीत! याच ट्रीटमेंटला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली, नाव कॅसजेव्ही. निसर्गाने उलट्या बाजूनेही हे करून ठेवलंय, काही कुटुंबांत गामाच्या प्रमोटरमध्ये वजा १९८ला टी जाऊन सी आलंय आणि त्याने केएलएफ१ची नवी जागाच तयार झालीये, काहींत वजा १७५ला टाल१ची जागा झालीये, आणि त्यांच्यात गामा आयुष्यभर चालू राहते. एक अक्षर, नवी जागा, नवं प्रोटीन, चालू जीन.

पण हे वाचून कोणी घरच्या पेशंटला उद्याच ट्रीटमेंट मिळेल असं समजू नये. अमेरिकेत एका रुग्णामागे किंमत २२ लाख डॉलर ठेवली होती, आणि बदललेल्या पेशी परत द्यायच्या आधी ब्युसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन जुना बोन मॅरो मारावा लागतो, ते सोपं नाही, हॉस्पिटलात बरेच दिवस राहावं लागतं, मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. आज आपल्याकडे बहुतेकांना हायड्रॉक्सियुरियाच मिळतं, तेही गामा वाढवतं, गोळी आहे, स्वस्त आहे, आणि डॉक्टरांनी सुरू केलेली असेल तर रक्ताच्या तपासण्या करत ती नियमित घ्या, नव्या ट्रीटमेंटची वाट बघत थांबवू नका.

विद्यार्थिनीसाठी एक काम सुचवतो. यूसीएससीचा जीनोम ब्राउजर फुकट आहे, तिथे अकराव्या क्रोमोसोमवर बीटा ग्लोबिनचा भाग उघडा आणि लॅबमध्ये वाढवतात त्या के५६२ पेशींचा गाटा१चा चिप डेटा लावा. एलसीआरवर गाटा१ बसलेलं दिसेल, पण या पेशींत गामा चालू असते आणि बीटा बंद. गाटा१ हजर असूनही बीटा बंद का, हे वर लिहिलेल्यातून स्वतः जुळवून बघा, आणि त्या पेशीत केएलएफ१ आणि बीसीएल११ए किती आहे ते शोधायला विसरू नका.